युनिक्सवर नेटवर्क प्रिंटर जोडताना

आमच्याकडची युनिक्स मशीन दोन पिढ्यांची आहेत. छपाईची कामं सांभाळायला नव्यांवर कप्स (CUPS), जुन्यांवर बर्कली युनिक्सच्या काळापासून चालत आलेलं एलपीडी (LPD). सगळ्यांनी एकाच नेटवर्क प्रिंटरवर छापावं, एवढं काम होतं.

मी सुरुवात प्रिंटरपासून केली. आधी त्याला कायमचा आयपी पत्ता दिला, कारण पत्ते आपोआप वाटणाऱ्या डीएचसीपीने पत्ता बदलला की छपाईच्या सगळ्या रांगा एकदम अडकतात. मग कुठलंही स्पूलर (कामं रांगेत लावून प्रिंटरला देणारा प्रोग्राम) मध्ये न घेता, नेटवर्कवर मजकूर पाठवणाऱ्या नेटकॅट या आज्ञेने थेट प्रिंटरच्या ९१०० पोर्टवर थोडा मजकूर पाठवला. कागद बाहेर आला. त्यावर प्रत्येक ओळ, आधीची जिथे संपली त्याच्या खालून सुरू झालेली, जिन्याच्या पायऱ्यांसारखी! पहिल्यांदा पाहणाऱ्याला प्रिंटर बिघडला असं वाटेल, मला मात्र हायसं वाटलं. युनिक्स ओळीच्या शेवटी फक्त लाइन फीड (खालच्या ओळीवर जा) पाठवतं, कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला या) नाही, म्हणून छपाई डाव्या कडेला परत येत नाही. म्हणजे केबल, पत्ता, पोर्ट सगळं ठीक होतं. उरलं होतं ते फिल्टरचं, म्हणजे मजकूर प्रिंटरला हव्या त्या रूपात बदलण्याचं काम. नेटवर्क आणि स्पूलर असे वेगवेगळे तपासले की शोधाशोध निम्म्यावर येते, असं माझं ठाम मत आहे.

कप्सचा भाग लवकर उरकला. एलपीअ‍ॅडमिन (lpadmin) या आज्ञेला रांगेचं नाव, आयपीपी या नेटवर्क छपाईच्या पद्धतीतला प्रिंटरचा पत्ता आणि मॉडेल म्हणून ‘एव्हरीव्हेअर’ दिलं. आमचा प्रिंटर आपली माहिती स्वतःच सांगणारा असल्याने ड्रायव्हर शोधावा लागला नाही. एक बारकावा मात्र लक्षात ठेवाच. कॅपिटल ‘-ई’ (-E) हा पर्याय रांगेच्या नावाआधी लिहिला तर त्याचा अर्थ सर्व्हरशी जोडणी एन्क्रिप्ट करणं. नावानंतर लिहिला तर रांग चालू करून कामं स्वीकारायला लावणं. रांग दिसते पण छापत काहीच नाही, अशा वेळी आधी हे बघावं.

खरा वेळ गेला जुन्या मशीनवर. त्यांना थेट प्रिंटरकडे न पाठवता कप्सच्या सर्व्हरवर ‘कप्स-एलपीडी’ चालू केलं. ते ५१५ पोर्टवर जुन्या पद्धतीची कामं घेतं आणि कप्सच्या रांगेत टाकतं, त्यामुळे फिल्टरची कटकट एकाच जागी राहिली. जुन्या मशीनच्या, प्रिंटरच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रिंटकॅप फाइलमध्ये ‘आरएम’ला सर्व्हरचं नाव, ‘आरपी’ला तिथल्या रांगेचं नाव आणि ‘एसडी’ला स्पूल डिरेक्टरी (कामं तात्पुरती ठेवण्याची जागा) लिहिली. ओळ पुढे चालू ठेवणाऱ्या बॅकस्लॅशनंतर एक जरी स्पेस राहिली, तरी पुढची ओळ तुटते आणि डोळ्यांना ती स्पेस दिसतही नाही! ‘एमएक्स’ ही कमाल आकाराची नोंद शून्य, म्हणजे अमर्याद केली, कारण आमच्या जुन्या एलपीडीत फाइलच्या आकाराला मर्यादा होती आणि पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेतली मोठी फाइल अर्धवट पोचायची.

कप्स-एलपीडी हे कप्सच्या कॉन्फिगरेशनमधले प्रवेशाचे नियम पाळत नाही. म्हणून ५१५ पोर्ट फायरवॉलमध्ये फक्त त्या जुन्या मशीनच्या पत्त्यांपुरता उघडला, आणि मगच इतरांना रांगेचं नाव कळवलं.