यमकाची वही : ‘वर्ल्ड’ला जोडीदार शोधताना

या खेपेला वहीत ‘वर्ल्ड’ घेतला. इंग्रजीत चारोळ्या पाडणाऱ्या आपल्यासारख्यांना हा शब्द टाळता येत नाही, आणि तो ओळीच्या शेवटी बसला की पुढची ओळ हमखास अडते. यादी आता बऱ्यापैकी भरली आहे.

स्पेलिंगवरून शोधणं इथे साफ बाद. शेवटी ‘ओ-आर-एल-डी’ असलेलं हाताशी काय येतं, तर अंडरवर्ल्ड, ड्रीमवर्ल्ड. म्हणजे तोच शब्द टोपी बदलून. ते यमक नव्हे. मराठीत ‘येतो-जातो’वर भागतं, पण इंग्रजीत आघाताच्या, म्हणजे जोर पडणाऱ्या, स्वरापासून शेवटपर्यंत सगळं जुळावं लागतं आणि त्या स्वराआधीचं व्यंजन मात्र वेगळं लागतं. म्हणून ‘वॉकिंग’ला ‘टॉकिंग’ चालतं, ‘सिंगिंग’ चालत नाही. शिवाय ‘डब्ल्यू’च्या शेजारामुळे इथल्या ‘ओ’चा उच्चार फिरलेला आहे. वर्क, वर्म, वर्थ, सगळ्यांची तीच गत. तेव्हा ‘लॉर्ड’, ‘कॉर्ड’कडे बघायचंच नाही.

मग कानानं शोधायचं. ‘अर्ल्ड’ एवढी शेपटी ठेवायची आणि तिच्यापुढे एकेक व्यंजन लावत जायचं, आधी साधी, मग जोडाक्षरं. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश फुकट मिळतो. त्यात सव्वा लाखाहून जास्त नोंदी आहेत, अमेरिकन उच्चार 39 ध्वनींत मांडलेले, आणि स्वरापुढे आघाताचा आकडा. ‘वर्ल्ड’ तिथे ‘डब्ल्यू, ईआर1, एल, डी’ असा दिसतो. शेवटचे तीन घटक जुळणाऱ्या ओळी गाळून घेतल्या की झालं. पण मी तो कोश शेवटी उघडते. आधीच उघडला तर खेळ कसला?

हाताला लागले ते असे: कर्ल्ड, हर्ल्ड, फर्ल्ड, अनफर्ल्ड, ट्वर्ल्ड, स्वर्ल्ड, पर्ल्ड. सगळी क्रियापदांची भूतकाळी रूपं! ‘एल’नंतर ‘ईडी’ आलं की नुसता ‘ड’ ऐकू येतो, वेगळं अक्षर होत नाही. म्हणजे ‘वर्ल्ड’चं यमक शोधायचंच नाही, ‘गर्ल’शी जुळणारी क्रियापदं शोधायची आणि त्यांना ‘ड’ चिकटवायचा. ही किल्ली सापडल्यावर नर्ल्ड (धातूच्या मुठीवर पकडीसाठी पाडलेल्या बारीक रेघा), बर्ल्ड (गाठीगाठींचं लाकूड) आणि स्कर्ल्ड (बॅगपाइपचा कर्कश सूर) भराभर आले. ‘चर्ल’ (उद्धट माणूस) नुसतं नाम, त्यामुळे बाद.

यादी पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की कर्ल, ट्वर्ल, स्वर्ल, फर्ल ही सगळी वळण्या-गुंडाळण्याची क्रियापदं आहेत. जगाला यमक जुळवायला जावं तर काही ना काही गरगरतंच. ‘हर्ल’ तेवढा सरळ भिरकावतो. ‘व्हर्ल्ड’ही याच कुळातला, पण बहुतेकांच्या तोंडी तो आणि ‘वर्ल्ड’ अगदी एकसारखे, म्हणून यमक बेचव लागतं. स्कॉटलंड-आयर्लंडकडे जिथे ‘डब्ल्यू-एच’ अजून फुंकरीनं उच्चारतात, तिथे निदान सुरुवात तरी वेगळी ऐकू येते.

एक सापळा खास आपल्या कानांसाठी: ‘कल्ड’ (निवडून काढलेला), ‘डल्ड’ (बोथट झालेला). ब्रिटिश उच्चारात ‘र’ ऐकू येत नाही, म्हणून हे शब्द जवळचे वाटतात. पण त्यांचा स्वर आखूड आणि ‘वर्ल्ड’चा लांब. घेऊ नका.

खरी पंचाईत भूतकाळाची. कविता वर्तमानात चालू असताना मध्येच ‘हर्ल्ड’ कसा आणायचा? उपाय म्हणजे त्या रूपाचं विशेषण करून टाकायचं. मी असं बसवलं:

द मॅप इज टॉर्न, द सेल अनफर्ल्ड,
आय लीव्ह माय डेस्क टु सी द वर्ल्ड.

काव्य म्हणून सुमारच, पण ‘अनफर्ल्ड’ पहिल्या ओळीत आहे ते बघा. अवघड शब्द आधी आणि रोजचा नंतर ठेवला की ओढाताण जाणवत नाही. ओळी उलट्या करून म्हणून पाहा, ‘अनफर्ल्ड’ लगेच ठिगळासारखा दिसेल. विनोदी कवितेत ‘गर्ल वुड’चं ‘गर्ल्ड’ करूनही निभावतं. गंभीर कवितेत मी तरी करणार नाही.

‘स्क्विरल्ड’ (खारीसारखं साठवून ठेवलेलं) अजून लटकलाय. अमेरिकन तोंडी तो जवळजवळ ‘स्क्वर्ल्ड’ होतो आणि झकास जुळतो, ब्रिटिश तोंडी दोन अक्षरी राहतो आणि फसतो. कविता कुणासमोर वाचायची यावर ते ठरेल, म्हणून वहीत त्याला पेन्सिलीनंच लिहिलंय. पुढचा शब्द ‘मंथ’. त्याला ‘एन प्लस वन्थ’ (गणितातलं ‘एन अधिक एकावं’) सोडून काही असेल तर कळवा.