रस्त्यावरचे मृत्यू मोजायचे कसे? स्वीडनहून सोलापूरकरांसाठी

स्वीडनमध्ये 2022 साली रस्ते अपघातांत 227 माणसं गेली. लोकसंख्या साधारण एक कोटी पाच लाख, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या दुपटीहून जास्त. त्याच वर्षी भारतात गेली 1,68,491. ‘अहो, आपली लोकसंख्या बघा की!’ असं कुणीही म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. म्हणून लाखामागे मोजू. इथे स्वीडनमध्ये दोन, आपल्याकडे भारतात बारा.

एकूण मृत्यूंतला वाटा मात्र फसवा. इथे चारशेत एक, भारतात पन्नासात एक. फरक एकदम आठपट दिसतो. स्वीडन म्हातारा देश आहे. ऐंशीच्या पुढची माणसं हृदयविकाराने, कर्करोगाने जातात आणि भागाकारातला खालचा आकडा फुगतो.

2022 मध्ये भारतात खुनाचे गुन्हे नोंदले गेले 28,522. रस्ता त्याच्या जवळपास सहापट, तरी पेपरात पहिलं पान खुनालाच. क्षयरोगाने रस्त्यापेक्षा जास्त माणसं दगावतात, हृदयविकाराने तर कितीतरी. पण वय बघा: जगभरात 5 ते 29 वर्षांच्या गटात मृत्यूचं पहिलं कारण रस्ता आहे. सत्तरीतला मृत्यू आणि बाविशीतला मृत्यू नोंदवहीत एकेकच ओळ घेतात. हरवलेली वर्षं मोजली की रस्ता बराच वर सरकतो.

नोंदीतही गोची आहे. मोहोळजवळ दुचाकी धडकली, डोक्याला मार लागला, बाराव्या दिवशी व्हेंटिलेटरवर न्यूमोनियाने माणूस गेला. मृत्यूच्या दाखल्यात वर न्यूमोनिया, त्याखाली डोक्याची दुखापत आणि सगळ्यात खाली दुचाकीचा अपघात, असं लिहायला हवं. मूळ कारण खालच्या ओळीतून धरतात. ती ओळ कोरी राहिली, तर मृत्यू फुप्फुसाच्या आजाराच्या खात्यात जाऊ शकतो. अपघाताच्या आकडेवारीत तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू धरतात. स्वीडन तर 2010 पासून रस्ते वाहतुकीतल्या आत्महत्याही वेगळ्या काढतं, त्यामुळे तुलना करताना व्याख्या आधी तपासावी.

इथला आकडा उतरला त्यात रस्त्याच्या रचनेचा मोठा हात आहे. 1998 पासून तीन पदरी रस्त्यांच्या मधोमध पोलादी तारांचं कुंपण घालत गेले. दोन पदर एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, आणि ठरावीक अंतरावर अदलाबदल. अशा रस्त्यांवर ओव्हरटेकच्या नादात समोरून येऊन आदळणं जवळजवळ बंदच झालं.

आपल्याकडे गाळप हंगामात धोका समोरूनच येतो असं नाही, पुढे उभाही असतो: उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. ताशी 60 च्या वेगात दुचाकीस्वाराला ट्रॉली दिसून ब्रेक लावेपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे 25 मीटर. थांबायला आणखी साधारण तेवढेच. डिपरवर अंधारातली काळपट ट्रॉली दिसते जेमतेम चाळीस मीटरवर. ट्रॉलीच्या मागे रेडियम पट्टी असली, तरी बाहेर लोंबणारा ऊस दिव्यासकट तिला झाकून टाकतो. म्हणून पट्टी खाली चेसिसच्या आडव्या पट्टीवर लावावी, वर उसाच्या टोकांवरून रेडियम कापड सोडावं, आणि डबल ट्रॉली असेल तर ते मागच्या ट्रॉलीला आधी.