दोन बोलेरो, दोन तऱ्हेचे टायर आणि जुलैतलं भंडारदरा

आमच्याकडे एक आणि दाजींकडे एक, अशा दोन पांढऱ्या बोलेरो आहेत. टायरची साइज तीच, २१५/७५ आर१५, फरक एवढाच की जानेवारीत माझे टायर पार गोटा झाले तेव्हा मी एटी म्हणजे ऑल टेरेन टाकले आणि दाजींच्या गाडीला साधे हायवेवाले एचटी आहेत. दाजींचं म्हणणं की एटी म्हणजे नुसता शायनिंगचा प्रकार, माझं म्हणणं की एकदा चिखलात चला मग बघू. म्हणून जुलैच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे साडेपाचला दोन्ही गाड्या घेऊन मोशीहून भंडारदऱ्याला निघालो. आधीच सांगतो, चिखलाच्या बाबतीत मी हरलो.

नाशिक हायवेला नारायणगावपर्यंत काही सांगण्यासारखं नाही, फक्त आवाज. एटीला सत्तरच्या पुढे एक घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, नवीन असताना कमी होता, आता ९ हजार किमी झाल्यावर वाढलाय. भाची हौसेने माझ्या गाडीत बसली होती, मंचरला चहाला थांबलो तेव्हा गुपचूप पप्पांच्या गाडीत जाऊन बसली. अॅव्हरेज माझं आधी १४ च्या आसपास पडायचं, आता १३ पडतं. रोज ऑफिसला हायवेनेच जाणाऱ्याने हे दोन मुद्दे वाचून इथेच थांबलं तरी चालेल.

आळेफाट्याच्या पुढे बोट्याला हायवे सोडून ब्राह्मणवाडा, कोतूळ करत राजूर गाठलं. कोतूळच्या अलीकडे पाऊस धो धो आणि वळणावर एकदम शेळ्या आडव्या. पुढे मी, मागे दाजी, दोघांनी ब्रेक दाबले. माझी गाडी मला वाटलं होतं त्यापेक्षा चांगली हातभर पुढे सरकली आणि मागून दाजी आरामात थांबले. यामागचं कारण साधं आहे, एचटीला लांबलचक सलग पट्टे असतात, एटीला मोठे ठोकळे आणि मध्ये रुंद खाचा, त्यामुळे डांबराला टेकणारं रबर कमी आणि ब्रेक मारला की ते ठोकळे जरा हलतात पण. खाचा मोठ्या म्हणजे ओल्या रस्त्यावर पकड जास्त, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो. साचलेलं पाणी बाहेर फेकायला त्या बऱ्या, पण नुसत्या ओल्या गुळगुळीत डांबरावर अंतर जास्तच ठेवा.

शेंडीपासून पुढे भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीच्या रिंगरोडला लागलो तर सगळीकडे आवणी म्हणजे भातलावणी चाललेली. खाचरातून चिखलणी करून ट्रॅक्टर डांबरावर येतात आणि चाकांचा चिखल रस्त्यावर पडत जातो, त्यावर रिमझिम पाऊस, म्हणजे साबण लावलेली फरशीच. तिथे दोन्ही गाड्यांची मागची बाजू सारखीच हलली. बोलेरो मागच्या चाकांवर चालते आणि रिकामी असली की मागून हलकी, टायर कुठलाही असो, तिथे तिशीच्या वर जाऊच नका.

खरी परीक्षा पांजऱ्याच्या पुढे झाली. धबधबा बघायला गाड्या रस्त्याकडेच्या पडीक रानात लावल्या (चूक माझीच) आणि तासाभराने निघायला गेलो तर दोन्ही जागच्या जागी फिरायला लागल्या. खाली उतरून बघितलं तर माझ्या एटीच्या खाचा चिकट मातीने गच्च भरलेल्या, टायरला प्लास्टर केल्यासारख्या, ठोकळे दिसतच नव्हते. चिकणमातीत खाच भरली की एटी आणि गोटा झालेला टायर सारखाच, कारण फिरताना माती बाहेर फेकायची ताकद मड टेरेनच्या म्हणजे खास चिखलासाठीच्या टायरच्या भल्यामोठ्या खाचांत असते, एटीच्या नाही. शेवटी हवा ३२ पीएसआयवरून २० वर आणली, चाकांखाली दगड सारले, गावातली चार पोरं ढकलायला आली आणि दोन्ही गाड्या निघाल्या, माझी थोडी लवकर एवढंच. सिगारेट लायटरवर चालणारा हवेचा पंप सोबत होता म्हणून हवा कमी करायची हिंमत केली. तो नसेल तर हे धंदे करू नका, कमी हवेवर डांबरावर पळवलं की टायर तापून फुटतो.

दाजी खुशीत होते. पण साम्रदहून रतनवाडीकडे जाताना रस्ता उखडलेला, पाण्याखाली खडी आणि धारदार दगड. माझी गाडी खडखड करत गेली, मागून फट्ट आवाज आला आणि दाजींच्या डाव्या मागच्या टायरच्या साइडवॉलला तीन बोटं लांब चीर. साइडवॉल फाटली की पंक्चरवालाही हात जोडतो, तिथे बत्ती बसत नाही. जॅक लावला तर तो ओल्या मातीत खाली खाली जायला लागला, मग जवळच्या घरातल्या आजींनी लाकडी फळी आणून दिली आणि बघत बघत विचारलं, "दोन्ही गाड्या एकसारख्या, मग एकीचाच कसा फाटला?" दाजी गप्प. माझ्या टायरवर त्याच दगडांचे ओरखडे होते, कापलेलं काही नव्हतं.

म्हणून माझं मत आता असं झालंय की एटी चिखलासाठी नाही, दगड, मुरूम आणि उखडलेल्या रस्त्यासाठी घ्या. शेतावर, साइटवर, घाटमाथ्यावर महिन्यातून दोन-चारदा जाणं असेल तर पैसे वसूल. वर्षातून एकदा मान्सून ट्रिप करणाऱ्याने चांगले एचटी, पूर्ण हवेची स्टेपनी आणि जॅकखाली ठेवायला एक फळी घ्यावी. आणि टू व्हील ड्राइव्ह गाडीला एटी टाकली म्हणून ती फोर बाय फोर होत नाही.

घ्यायचेच असतील तर २१५/७५ आर१५ मध्ये अपोलो, सीएट, योकोहामा तिघांचे एटी येतात. साइडवॉलवर चार आकडी तारीख बघा, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा, जुना माल गळ्यात मारतात. टायरवाला २३५/७५ टाका म्हणेल, दिसायला भारी दिसतो, पण व्यासात ३० मिमी वाढतात म्हणजे क्लिअरन्स फक्त १५ मिमी वाढतो, आणि मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०४ ने पळत असते, पिकअप पण जड होतो. मी नाही म्हटलं.

जाणाऱ्यांनी डिझेल राजूरच्या आधीच भरा, राजूरच्या पुढे या साइजचा टायर मिळेल ही आशा धरू नका. रिंगरोडला मोबाईलची रेंज येते जाते, तेव्हा नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. जूनच्या सुरुवातीला काजव्यांच्या शनिवार-रविवारी तर जाऊच नका, टायरचा संबंधच येत नाही, गाडी हलतच नाही.

दाजींनी सोमवारी दोन नवे टायर घेतले, परत एचटीच, दोन अशासाठी की एका अॅक्सलवर एक नवा एक झिजलेला नको. माझी स्टेपनी अजून जुनी एचटीच लटकतेय मागच्या दारावर, पाचवा एटी पुढच्या पगाराला.