पितळ वाजलं नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न मेकर म्हणून मला सव्वीस वर्षं झाली. ओतकामाआधी लाकडाचा नमुना करायचा, हे माझं काम. पंपाचं केसिंग, ऑइल इंजिनचे भाग, गुऱ्हाळाच्या चरकाचे बुश, हे रोजचं. होडीचं काम कधी आलं नव्हतं. आम्हा कोल्हापूरकरांना होडी माहीत ती रंकाळ्यातली, नाहीतर २०१९ च्या महापुरात घरापर्यंत आलेली. त्यामुळं गेल्या दिवाळीनंतर एक वयस्कर गृहस्थ रत्नागिरीहून आंबा घाट चढून आले आणि बाकावर फोटो ठेवून म्हणाले, "मेस्त्री, ही माझी बोट. विकायला काढलीय," तेव्हा मी काम सोडून फोटोच बघत बसलो.

बत्तीस फुटी, शिडाची, अख्खी सागवानी. फळीला फळी भिडवलेली, फटीत सुताची वात ठोकून भरलेली, तांब्याचे रिव्हेट. दहा वर्षांपूर्वी त्यांनी सडक्या फळ्या काढून नव्या घातल्या होत्या, डोलकाठी नवी केली होती, वॉर्निशचे हातावर हात दिले होते. सागाचं मोल मला कुणी सांगायला नको. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागात बांधलेलं 'ट्रिंकोमली' जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं, ते आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. लाकूड चांगलं आणि माणूस जपणारा असला तर असं होतं.

काम छोटं होतं. सुकाणू ज्यावर फिरतं त्या तीन बिजागऱ्या. एका बाजूला खुंटी, दुसऱ्या बाजूला तिचा डोळा. त्यातली एक तुटली होती. तिन्ही सोडवून, फडक्यात गुंडाळून, डब्यातून आणल्या होत्या. "अशीच एक पितळेची ओतून द्या. चकचकीत करा. परवा गिऱ्हाईक येतंय, सोबत तपासणारा माणूस आहे."

मी तुटलेला तुकडा हातात घेतला. सवयीनं बाकावरच्या ऐरणीवर टेकवून हातोडीनं टोला दिला. पितळ वाजायला हवं. ते वाजलं नाही, मडकं तडकल्यासारखा बद्द आवाज आला. कानस मारली तर वरचा मळकट थर गेला आणि आतून विटेसारखा तांबूस रंग निघाला. शिकंज्यात धरून वाकवला तर खारी बिस्किटासारखा तुटला, भुगा पडला.

पितळेत चाळीस टक्क्यांपर्यंत जस्त असतं. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलं की जस्त आधी निघून जातं आणि मागं भोकाभोकाचं तांबं उरतं. माप तेच, आकार तोच. जीव तेवढा गेलेला. उरलेल्या दोन्ही वाजवून बघितल्या. एक तशीच. दुसरी बरी, पण कडेनं तांबूस पडायला लागलेली.

मी म्हणालो, "साहेब, पितळेत मी ओतून देणार न्हाई. उद्या भर वाऱ्यात सुकाणू हातात आलं तर बोटीवरची माणसं कुणाला शोधत येणार?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग डब्याच्या तळातून कागदात बांधलेलं एक पुडकं काढलं. "ही मूळची. हिरवी पडली होती, म्हणून मीच मिस्त्रीला म्हटलं, काढा आणि नवी चमकदार बसवा. एक जोड राहिला माझ्याकडे." कांस्याची, म्हणजे तांब्या-कथलाची; कान मोडका, वर हिरवा पापुद्रा. टोला दिला आणि दुकानभर घंटेसारखा नाद घुमला. शेजारचा लेथवाला मान वर करून बघायला लागला. मला त्या क्षणी त्या अनोळखी ओतकाऱ्याला हात जोडावेसे वाटले.

खरं काम इथून पुढं. जुना तुकडाच वाळूत दाबून साचा घेतला तर ओतलेला माल लहान निघतो, कारण धातू थंड होताना आकसतो. कांस्याला साधारण दीड टक्का धरतात. दोनशे मिलिमीटरला तीन मिलिमीटर. खुंटी आणि डोळा यांचं जमणार नाही एवढा तो फरक. म्हणून आकसणं धरून आखलेल्या श्रिंकेजच्या पट्टीनं मापं घेऊन सागात दोन नमुने नव्यानं कोरले, मोडका कान दुसऱ्या बाजूवरून भरून काढला. ते स्टुलावर बसून बघत होते. सागाचा कीस उचलून त्यांनी वास घेतला आणि खिशात ठेवला.

शेजारच्या नॉनफेरस फाउंड्रीत, म्हणजे लोखंड सोडून बाकी धातू ओततात तिथं, गनमेटल घातलं, कांस्याचाच एक प्रकार, शंभरात अठ्ठ्याऐंशी तांबं, दहा कथील, दोन जस्त. चरकाच्या बुशाला आमच्याकडं हेच चालतं. तिन्ही जोडांचे साचे संध्याकाळी साडेपाचला भरले. साचे फोडून, वाळू झाडून, सहाच्या सहा तुकडे एकेक वाजवले. सगळे वाजले.

मधल्या वेळेत त्यांनी गिऱ्हाइकाला माझ्यासमोरच फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं, आपण मूळच्या बिजागऱ्या बदलल्या होत्या हेही. पलीकडून किंमत कमी मागितली असावी. ते "ठीक आहे, तुम्ही म्हणाल तसं" म्हणाले आणि फोन ठेवला. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी लेथवर भोकं करून घेतली. खुंटी डोळ्यात हलक्या हातानं बसली, डगमग नाही.

पितळेचे तुकडे मी भंगाराच्या पाटीत टाकले होते. जाताना त्यांनी ते मागून घेतले, भुग्यासकट कागदात बांधले.

"घेणाऱ्याला दाखवायचेत," म्हणाले.