ओलं चालतं, मळकं नाही

कॅमेरामनचा डावा बूट धोतरावर पडला तेव्हा तुकोबांची पालखी काटेवाडीपासून तासाभराच्या अंतरावर होती.

तो उलटा चालत होता. पुढून येणारी दिंडी त्याला हवी होती, म्हणून डोळा कॅमेऱ्याला आणि पाठ गावाला. सकाळी एक सर पडून गेली होती, साइडपट्टीची काळी माती बुटाच्या तळात चांगली भरली होती. कडेला परटांच्या घरची माणसं धोतरांच्या घड्या मोजत बसली होती. एक पान माप बघायला उलगडून अंथरलेलं. बूट नेमका त्यावर. त्या पांढऱ्याशुभ्र कापडावर तळाची सगळी नक्षी उठली, कंपनीच्या नावासकट.

कुणीच ओरडलं नाही. ओरडले असते तर माझं काम सोपं झालं असतं, शिव्यांचं भाषांतर मला छान जमतं.

मी दुभाषी. कागदोपत्री दुभाषी, बाहेरदेशी चित्रीकरणवाल्यांच्या भाषेत ‘फिक्सर’. म्हणजे परवानग्या, गाड्या, जेवणखाण, भांडणं मिटवणं आणि उरलेल्या वेळात भाषांतर. करोनाच्या आधीची ही गोष्ट. इंग्लंडहून तीन जणांचं पथक पायी यात्रांवर माहितीपट करायला आलं होतं. निर्माती पन्नाशीची, एक कॅमेरामन, एक आवाजवाला. देहूपासून मी त्यांच्याबरोबर. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये हा पालखी सोहळा सुरू केला, हे मी त्यांना इतक्यांदा सांगितलं होतं की आवाजवाला झोपेतही बोलला असता. बारामतीचा मुक्काम उरकून पालखी इंदापूरच्या रस्त्याला लागते, दुपारी काटेवाडी आणि रात्री सणसर. काटेवाडीत दोन गोष्टी बघायच्या: परीट समाजाच्या धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण. आम्ही दोन्हींसाठी पुढे येऊन थांबलो होतो.

तर बूट पडला. निर्माती धावत आली. तिचा चेहरा खरोखर उतरला होता. ती मला म्हणाली, यांना सांग, तुम्ही ‘रोल्ड आउट द रेड कार्पेट’ आणि आम्ही त्यावर चिखलाचा पाय दिला, आम्हाला फार लाज वाटते.

आणि मी, वीस वर्षं हेच काम करणारी बाई, घड्यांजवळ बसलेल्या म्हाताऱ्या आबांना म्हणाले, “आबा, त्या म्हणतायत, तुम्ही लाल गालिचा अंथरलात आणि आम्ही त्यावर चिखलाचा पाय दिला. माफी मागतायत.”

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग धोतराकडे.

“लाल कुठाय, ताई? पांढरं हाय की. आन् गालिचा न्हाय, धोतर हाय. आन् तुमच्यासाठी न्हाय.”

तीन वाक्यांत तीन दुरुस्त्या. पोरंसोरं हसली. मी पण हसले, पण कानाच्या पाळ्या तापल्या.

‘पायघड्या’ हा शब्द मला सुचला नाही असं नाही. समोर पायघड्याच होत्या! पण धंद्यात त्या शब्दाने मला एकदा दगा दिलाय. एका कारखान्याच्या उद्घाटनाला परदेशी साहेब व्यासपीठावरून म्हणाले, इथल्या अधिकाऱ्यांनी आमच्यासाठी रेड कार्पेट अंथरलं. मी झोकात सांगितलं, “अधिकाऱ्यांनी आमच्यासाठी पायघड्या घातल्या.” मंडपात हशा, मागून एक शिट्टी, आणि पहिल्या रांगेतले अधिकारी लालेलाल. आपल्या वर्तमानपत्रांनी त्या शब्दाची पार वाट लावून ठेवली आहे. ‘उद्योगपतींसाठी पायघड्या’ असा मथळा वाचला की आदरातिथ्य कुणाच्या डोक्यात येत नाही, आत कुठली जमीन स्वस्तात गेली तेच शोधतो आपण. इंग्रजी रेड कार्पेटची इज्जत अजून बरी आहे. सरकारी भाषणांत तर ‘रेड टेप नको, रेड कार्पेट’ ही जोडी पाठ झाली आहे. लालफीत आपण कधीच मराठी करून घेतली, कार्पेट मात्र अजून परकंच. त्या दिवसापासून मी सरसकट ‘लाल गालिचा’ म्हणते. मिळमिळीत, पण कुणी शिट्टी मारत नाही.

निर्मातीने पाकीट काढलं. नव्या धोतरजोडीचे पैसे देते म्हणाली. हे भाषांतर करण्याआधीच आबांनी हात आडवा केला.

“पैशाचं न्हाय. त्या पोराला म्हणावं, धू.”

मला वाटलं, चिडून बोलले. तसं नव्हतं. त्यांनी धोतराची चार टोकं गोळा केली, कॅमेरामनच्या हातात दिली आणि घराकडे चालायला लागले. तो माझ्याकडे बघतोय, मी निर्मातीकडे. ती म्हणाली, जा.

घरामागे नळ, दगड, पत्र्याची बादली. ओसरीच्या भिंतीवर विठोबाच्या शेजारी गाडगेबाबांची तसबीर. तेही परटाच्याच घरातले. आबांनी तसबिरीकडे बोट करून, जणू चुलता असावा अशा सुरात सांगितलं. कॅमेरामनने बूट ओट्याखाली काढले आणि डाग दगडावर घेऊन खसाखसा चोळायला लागला.

“आरं चोळू नको! आत शिरंल माती. उलटं कर.”

मग धडा सुरू झाला. कापड उलटं करायचं, डागाच्या पाठीमागून पाण्याची धार सोडायची, म्हणजे माती आली त्या वाटेनं बाहेर जाते. पाणी नितळ येईपर्यंत साबणाला हात लावायचा नाही. मग साबण, तोही अंगठ्याच्या मुळाने, बोटांनी नाही. शेवटी बादलीत निळीचे थेंब, आणि ते हलवून पाण्यात पूर्ण मिसळले की मगच कापड आत, नाहीतर निळे ठिपके बसतात. मी भाषांतर करत होते, पण चौथ्या वाक्यानंतर माझी गरज उरली नाही. आबा दाखवत होते, तो करत होता. पिळायला एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला आबांचा नातू. दोघांनी जोर लावला आणि धोतर नुसतंच गोल फिरत राहिलं, पिळा काही बसेना. दोघं एकाच दिशेला फिरवत होते. नातू हसून हसून खाली बसला. आबांनी कॅमेरामनचे मनगट धरून उलट्या बाजूला वळवले, तसं पाण्याची धार लागली.

डाग गेला. अगदी बघायला गेलं तर एका जागी चहाच्या पाण्यासारखी झाक होती. आबांनी ती बघितली आणि काही बोलले नाहीत.

“पण हे वाळणार कधी?” मी विचारलं. रस्त्यावरून ‘ज्ञानोबा-तुकाराम’ची लाट जवळ येत होती.

“ओलं चालतं. मळकं चालत न्हाय.”

निर्मातीने मला हळूच विचारलं, पण दोन मिनिटांत हे शेकडो पायांनी मळणारच ना? मी जरा बिचकत विचारलं. आबा म्हणाले, “मळायचं तर त्येंच्या पायानं मळंल.”

दिंड्या जात राहिल्या. चहा आला. मग निर्माती, जिचं शिक्षण प्राचीन ग्रीकमध्ये झालेलं, म्हणाली की मी त्यांना एक गोष्ट सांगते, तू सांग. ती गोष्ट मलाही नवीन होती. इसवी सनपूर्व 458 मध्ये अथेन्सला झालेलं एस्किलसचं नाटक. त्यात आगामेम्नॉन राजा ट्रॉयचं युद्ध जिंकून घरी येतो आणि राणी दारापासून महालापर्यंत जांभळट तांबडी भारी वस्त्रं अंथरते. तो रंग समुद्रातल्या शंखांपासून काढायचे, सोन्यासारखा महाग. राजा पाय टाकायला घाबरतो. म्हणतो, हा मान देवांचा, मी माणूस. राणी गोड बोलून त्याला तयार करते. तेव्हा तो निदान पायातल्या वहाणा सोडवून घेतो, मग वस्त्रावरून आत जातो आणि राणी त्याचा खून करते.

हे सगळं मी ओसरीवर बसून, समोर मेंढ्या, मागे टाळ, अशा गोंधळात मराठीत सांगितलं. आबा लक्ष देऊन ऐकत होते.

“वहाणा काढल्या ना त्यानं?”

“काढल्या.”

“मग का मारलं?”

मी निर्मातीला विचारलं. तिने सांगितलं, लढाईला जायला वारा मिळावा म्हणून राजाने पोटच्या मुलीचा बळी दिला होता. मी ते सांगितलं.

“मग बरोबर हाय,” आबा म्हणाले, आणि बशीतला चहा संपवला.

रेड कार्पेट या शब्दाचं मूळ मात्र तिथे शोधायचं नाही, असं तिचं म्हणणं. सांगतात ते असं की 1902 मध्ये न्यूयॉर्क ते शिकागो ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’ ही आलिशान गाडी सुरू झाली, तिच्या प्रवाशांसाठी फलाटावर किरमिजी गालिचा घालत, आणि तिथून ते बोलण्यात रुळलं. ऑस्करवाल्यांनी तो 1961 पासून घेतला. म्हणजे देवांसाठीचं कापड आधी राजाच्या पायाखाली, मग तिकीट काढणाऱ्याच्या. हे मी आबांना सांगितलं नाही. वेळही नव्हता, आणि रेल्वेच्या फलाटावर गालिचा म्हटलं तर त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

चौघडा ऐकू आला तसे सगळे उठले. पाच मिनिटांत रस्त्यावर पांढरी पट्टी तयार. चार-सव्वाचार मीटरचं एक एक पान, टोकाला टोक, दोन्ही बाजूंनी बायामाणसं वाकून कडा ताणून धरतायत. आबा सांगत होते, त्यांच्या वडिलांच्या काळी लग्नात पायघड्या घालायचा मान असाच परटाचा, आणि तेव्हा धोतरं दोन-तीनच. नवरदेव पुढे सरकला की मागचं उचलायचं, पळत जाऊन पुढे घालायचं. “नवरदेव चालायचा आन् आमचा बा पळायचा.” कॅमेरामन अनवाणी झाला होता. ओट्याखालचे बूट त्याने परत घातलेच नाहीत. डांबर ओलं असलं तरी खडी ती खडी. तो एक पाय उचलून दुसऱ्या पायावर ठेवत होता.

निर्मातीने घाईत शेवटचा प्रश्न टाकला, आणि तो मला इतकी वर्षं वारी बघून कधी सुचला नव्हता. पालखीत तर पादुका आहेत. पादुका खाली टेकतच नाहीत. मग या कापडावर पाय कुणाचे?

आबांनी उत्तर दिलं ते माझ्याकडे न बघता, येणाऱ्या अब्दागिऱ्यांकडे बघत. “त्याला खांद्यावर घेत्यात ना, त्येंचे पाय. त्ये त्याचंच पाय.”

हे मी इंग्रजीत काय सांगितलं ते आठवत नाही. काहीतरी अपुरंच सांगितलं असणार. तोवर पालखी रथातून उतरून खांद्यावर आली होती आणि गर्दीने आम्हाला कडेला लोटलं. चिखलाने भरलेले, भेगाळलेले, कुणाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, असे पाय एकामागून एक धोतरांवरून गेले. पालखी गेली आणि लोक त्या मळक्या धोतरांवर डोकं टेकवायला वाकले. आबा त्यात नव्हते, ते टोकाकडून घड्या घालायला लागले होते. मळ आत, कोरी बाजू बाहेर. आज धुणार का, असं मी विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाले. मेंढ्यांचं रिंगण झालं, रथाभोवती मेंढ्या पळाल्या, धूळ उडाली नाही कारण रस्ता ओला होता. चित्रीकरण उत्तम झालं म्हणे, मला त्यातलं फारसं काही दिसलं नाही.

चार महिन्यांनी निवेदनाची संहिता तपासायला आली. काटेवाडीच्या प्रसंगाला वाक्य होतं, या गावाने संतासाठी रेड कार्पेट अंथरलं. मी समासात आबांच्या तिन्ही दुरुस्त्या ओळीने लिहून पाठवल्या. निर्मातीचं उत्तर आलं की पहिल्या दोन मान्य नाहीत, कारण इंग्रजीत तो वाक्प्रचार आहे, रंगाशी आणि कापडाशी त्याचा संबंध उरलेला नाही. यात ती चूक नव्हती. पुढे 2023 मध्ये ऑस्करवाल्यांनी गालिचा शॅम्पेनच्या रंगाचा घातला, तरी सगळे त्याला रेड कार्पेटच म्हणत होते. तिसरी दुरुस्ती मान्य. ती तर आधीच वाक्यात होती, असं तिने लिहिलं. मग खाली, दुसऱ्या दिवशीच्या तारखेने, एक ओळ: वाक्य काढलं आहे, तिथे नुसता आवाज ठेवते.

त्या जागी आता टाळ आहेत, पाय आहेत, आणि वरून घेतलेल्या दृश्यात धोतरांची पट्टी. अलीकडून मोजलं तर सातवं पान बाकीच्यांपेक्षा किंचित गडद दिसतं. ओलं आहे.