माशी घोड्याच्या तोंडावर बसते की पायावर?

पावसाळ्यात तबेल्यात गुळाच्या पाण्याचे सापळे टांगले जातात. ते माश्यांनी भरतात, तरी घोड्याचं पाय आपटणं थांबत नाही. सापळ्यात पडते ती घरमाशी. पायाला चावते ती गोमाशी, आणि ती रक्तावर जगते. गुळाकडे फिरकत नाही.

म्हणून औषध आणण्याआधी माशी ओळखा. डोळ्यांच्या कडेला, नाकपुड्यांवर, जखमेवर घोळका करते ती घरमाशी. गुडघ्याखाली, कधी पोटाखाली बसते ती गोमाशी. आकार घरमाशीएवढाच, पण तोंडापुढे सुईसारखी सोंड निघालेली असते. मोठी, भरदिवसा कडकडून चावणारी घोडामाशी पाणथळ चिखलात वाढते. ती अंधाऱ्या तबेल्यात सहसा शिरत नाही, त्यामुळे ऐन दुपारी घोडा आत बांधणं हाच तिच्यावरचा चांगला उपाय.

घरमाशी ताज्या लिदीत एका खेपेला शंभर-दीडशे अंडी घालते, आणि दमट उन्हाळी हवेत 7 ते 10 दिवसांत नवी माशी उडते. गोमाशीला सुमारे 3 आठवडे लागतात. तिला हवं असतं मुताने भिजून कुजलेलं गवत, तोबऱ्यातून सांडलेली चंदी म्हणजे दाणा, गव्हाणीमागचा ओला भुसा. मोतद्दार रोज लीद उचलतो, पण रबरी मॅटखालचा आणि कोपऱ्यातला भिजका थर तसाच राहतो. आठवड्यातून दोनदा मॅट उचला, खालचं खरवडून काढा, जमीन पूर्ण वाळू द्या आणि मगच गवत पसरा. माझ्या मते कुठल्याही फवाऱ्यापेक्षा या कामाचा उपयोग जास्त.

लिदीचं काय करायचं? मध्यम बांध्याचा घोडा दिवसाला 15 ते 20 किलो लीद टाकतो. उन्हाळ्यात ती दोन बोटं जाडीने उन्हात पसरली तर वाळते, आणि कोरड्या लिदीत अळी जगत नाही. कोकणात, घाटमाथ्यावर पावसात ते शक्य नाही. तिथे ढीगच लावावा. लांबी, रुंदी, उंची किमान एकेक मीटर हवी, त्याहून लहान ढीग तापत नाही. आत 55-60 अंश उष्णता चढली की अळ्या मरतात, पण वरचा वीतभर थर थंड असतो आणि अळ्या नेमक्या तिथे सरकतात. म्हणून दर 3-4 दिवसांनी ढीग उलथा, बाहेरचा थर आत घाला, वर काळं प्लास्टिक ताणून कडा दगडांनी दाबा. मूठभर लीद पिळल्यावर पाणी गळलं तर कोरडा भुसा मिसळा. कोशात जायच्या आधी अळ्या ढिगाबाहेर पडून कोरड्या मातीत शिरतात. खाली सिमेंटचा ओटा आणि भोवती पाण्याची चारी असेल तर त्या तिथेच अडकतात.

गुळाचा सापळा दारात नको. तो माश्या आत बोलावतो. तबेल्यापासून 6-8 मीटर लांब ठेवा. आत मोठा पंखा लावा, माशीला जोराच्या वाऱ्यात नीट उडता येत नाही. वायर घोड्याच्या तोंडापासून दूर घ्या.

डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक भिंतीवर फवारायचं तर डब्यावरच्या प्रमाणातच, घोडा बाहेर काढून आणि गव्हाण झाकून. चुन्याने रंगवलेल्या भिंतीवर त्याचा असर लवकर उतरतो, कारण चुना ते औषध मोडतो. आणि गायी-म्हशींच्या गोचिडांसाठी आणलेलं अमिट्राझ घोड्याच्या अंगाला कधीही लावू नका. त्याने घोड्याचं आतडं मंदावतं, लीद अडकते, पोटशूळ उठतो. माश्या पळाव्यात म्हणून लसूण भरपूर चारणंही घातक. तांबड्या पेशी फुटून घोड्याला रक्तक्षय होतो.

जखम उघडी ठेवू नका. घरमाशी आणि गोमाशी घोड्याच्या पोटातल्या एका जंताच्या अळ्या जखमेत, डोळ्याच्या कोपऱ्यात सोडतात आणि तिथे महिनोन्‌महिने न भरणारं चिघळतं क्षत होतं. घोडामाशी आणि गोमाशी सर्रा हा रक्तातल्या परजीवीमुळे होणारा रोगही पसरवतात. ताप येऊन-जाऊन राहतो, पायांवर आणि पोटाखाली सूज उतरते, चंदी खाऊनही घोडा खंगतो. अशा वेळी ताप चढलेला असतानाच पशुवैद्यांकडून रक्ताचा नमुना घ्यावा, कारण तेव्हाच रक्तात परजीवी सापडण्याची शक्यता जास्त असते.