तुम्ही विचारलंत म्हणून : एका सेमिस्टरसाठी जर्मनीला

‘मॅडम, एका सेमिस्टरसाठी जर्मनीला जायचंय, तयारी कधीपासून करायची?’ मी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते आणि परदेशी विद्यापीठांशी चालणाऱ्या विद्यार्थी देवाणघेवाणीचं कामही बघते, त्यामुळे हा प्रश्न मला वर्षभर विचारला जातो. मुलं विचारतात, आणि मुलांपेक्षा जास्त आईवडील विचारतात. उत्तर लगेच देते : दीड वर्ष आधी. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘व्हिसाला एवढा वेळ लागतो?’ व्हिसाला एवढा लागत नाही. वेळ लागतो तो तुमचं तिकडचं सेमिस्टर इकडे धरलं जावं यासाठी, आणि सुरुवात तिथूनच करायची असते.

दोन्हीकडची वेळापत्रकं शेजारी ठेवून बघा. आपलं पाचवं सेमिस्टर जुलैच्या आसपास सुरू होतं आणि परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात होते. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तासिका ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि परीक्षा त्यानंतर. म्हणजे तिकडच्या एका सेमिस्टरपायी इकडची दोन अडचणीत येतात. उन्हाळी सेमिस्टरला गेलात तरी तासिका एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत असतात, आपली मे महिन्यातली परीक्षा बुडते आणि पुढच्या वर्षाचे पहिले आठवडेही जातात.

यातून वाट निघते, पण आधी बघणाऱ्यालाच. जर्मनीत ‘फाखहोखशूले’ नावाची उपयोजित विज्ञानांची विद्यापीठं आहेत. त्यांचं वेळापत्रक साधारण महिनाभर आधी चालतं, हिवाळी सेमिस्टर सप्टेंबरात आणि उन्हाळी मार्चमध्ये. तिथे गेलेली मुलगी फेब्रुवारीत परत येऊन सहावं सेमिस्टर थोडं उशिरा का होईना, गाठू शकते. दुसरी वाट मला स्वतःला जास्त आवडते : आठव्या सेमिस्टरचा पूर्णवेळ प्रकल्प तिकडच्या प्रयोगशाळेत करायचा. प्रकल्पाला तासिकांचं बंधन नसतं, मार्गदर्शक तयार असले तर जानेवारीतही सुरुवात होते. मात्र असा मार्गदर्शक मिळायला सहा-आठ महिने पत्रव्यवहार करावा लागतो, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जागं होणाऱ्याच्या हाती ही वाट लागत नाही.

आता क्रेडिटचा मामला. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या एका गोष्टीवर चांगल्या मुलांचं वर्ष अडकलेलं मी पाहिलं आहे. युरोपातल्या विद्यापीठांची क्रेडिट मोजण्याची सामाईक पद्धत म्हणजे ईसीटीएस. तिच्यात एका सेमिस्टरला ३० क्रेडिट, वर्षाला ६०. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० तास धरून ४० क्रेडिट, म्हणजे एकाला ३० तास. मग तिकडचा पाच क्रेडिटचा विषय इकडे कितीचा? तासांनी मोजलात तर चार ते पाच. वर्षाच्या प्रमाणात, ६० ला ४० असं मोजलंत तर साडेतीनच्याही आत. दोन्ही हिशेब बरोबर आहेत, आणि तुमच्या महाविद्यालयाने कुठला धरायचा हे तुम्ही परत आल्यावर ठरत असेल तर तुमचं काही खरं नाही. ते जाण्याआधी, लेखी ठरलं पाहिजे. गुणांचंही तसंच. जर्मनीत १.० हा सर्वांत चांगला शेरा आणि ४.० पर्यंत उत्तीर्ण. परीक्षा विभागात दहाच्या श्रेणीची सवय असलेल्या माणसासमोर १.३ असा आकडा आला तर त्याचं काय करायचं, याचं कोष्टक आधी मंजूर झालेलं हवं.

ही मंजुरी द्यायची कोणी? तुमचं महाविद्यालय स्वायत्त असेल तर विभागप्रमुख, अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद हे सगळं एकाच आवारात असतं. संलग्न असेल तर प्रकरण विद्यापीठात जातं. या मंडळांच्या बैठका रोज होत नाहीत. एक हुकली की पुढच्या बैठकीपर्यंत काही महिने थांबायचं. दीड वर्ष म्हणते ते मुख्यतः यासाठी. तिकडचे विषय, त्यांच्यासमोर इकडचे विषय, क्रेडिट आणि खाली विद्यार्थी, इकडचं महाविद्यालय आणि तिकडचं विद्यापीठ अशा तिन्ही बाजूंच्या सह्या असा एक तक्ता असतो, त्याला ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात. तो भरताना एक-दोन विषय जास्तीचे लिहा. तिथे पोचल्यावर एखादा विषय त्या सेमिस्टरला शिकवतच नाहीत किंवा फक्त जर्मनमध्ये शिकवतात असं कळणं अगदी नेहमीचं आहे. ज्या सेमिस्टरला तुमच्याकडे ऐच्छिक विषय जास्त असतील ते जाण्यासाठी राखून ठेवा. सक्तीच्या विषयाला तंतोतंत जुळणारा विषय शोधण्यात महिने जातात.

पालक पहिल्यांदा विचारतात तो पैसा, आणि त्यात विचारण्यासारखं आहेच. दोन विद्यापीठांमध्ये करार असेल तर तिकडची शिकवणी फी माफ असते, फी इकडचीच भरायची. सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क मात्र तिथे भरावं लागतं. इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या योजनेची शिष्यवृत्ती असेल तर दरमहा पैसे आणि प्रवासखर्च मिळतो, पण तिचा अर्ज विद्यार्थ्याने थेट युरोपात करायचा नसतो. आपल्या महाविद्यालयाचा त्यात सहभाग असावा लागतो आणि निवड तिथूनच होते. शिष्यवृत्ती नसेल तर व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ लागतं, म्हणजे तिथल्या राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं. सप्टेंबर २०२४ पासून त्याचा दर महिन्याला ९९२ युरो असा आहे, वर्षाचे ११,९०४. सहा महिन्यांचे ५,९५२ झाले. हे पैसे तुमचेच असतात, तिथे गेल्यावर महिन्याच्या महिन्याला हातात येतात. पण निघण्यापूर्वी एकरकमी उभे करावे लागतात, शिवाय विमानाचं तिकीट, विमा आणि खोलीची अनामत वेगळी. हा आकडा घरात पहिल्याच दिवशी, मुलासमोर बोलला गेला पाहिजे. अर्ज मंजूर झाल्यावर ‘झेपत नाही’ म्हणणं दोघांनाही फार लागतं.

आपल्या मराठी घरांसाठी एक खास गोष्ट. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधार कार्डवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात कुणी वडिलांचं नाव घालतं, कुणी नाही. आपल्याला ही सगळी एकच व्यक्ती दिसते. तिकडच्या संगणकाला कधीकधी दोन दिसतात. पासपोर्ट काढतानाच कागद एकमेकांशी ताडून बघा, आणि पुढे प्रत्येक अर्जात पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने नाव लिहा. पासपोर्ट दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला हातात असावा. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे आतापर्यंतच्या विषयांचा आणि गुणांचा अधिकृत उतारा, मागवायचं कामही त्याच सुमारास.

खोलीचा अर्ज निवडपत्र आलं त्याच दिवशी करा. विद्यार्थी वसतिगृहं तिथे ‘श्टुडिरेंडेनवेर्क’ ही विद्यार्थी सेवा संस्था चालवते, ती स्वस्त असतात आणि म्हणून यादी लांब असते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. असं पत्र न देणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

भाषा? अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी ए-वनपर्यंतचं, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचं, जर्मन शिकून जा. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, वर्ग मिळायला अडचण नाही. वर्गात जर्मन लागणार नाही. दवाखान्यात, दुकानात, खोलीच्या जोडीदाराशी बोलायला लागेल, आणि तिथलं एकटेपण त्यानेच कमी होतं.

वरण-भात, एक भाजी आणि पोळ्या एवढं निघण्याआधी स्वतःच्या हाताने करता यायला हवं, मुलग्यांनासुद्धा. मेतकूट आणि गोडा मसाला खुशाल न्या. साजूक तूप, पेढे, खवा यांतलं काही भरू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला मनाई आहे. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारचा बाजार चुकवायचा नाही.

तिथे पोचल्यावरची एक गोष्ट इथूनच सांगून ठेवते. जर्मनीत बहुतेक ठिकाणी विषयाला बसलात म्हणून परीक्षेला आपोआप बसता येत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी करायची असते, तिची मुदत थोड्या दिवसांची असते आणि कुणी आठवण करून देत नाही. परीक्षेची तारीख कळल्याशिवाय परतीचं तिकीट पक्कं करू नका. आणि निकाल यायला वेळ लागतो. फेब्रुवारीत परीक्षा दिलीत तर गुणपत्रक हातात पडेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो, तोवर तुमच्या इकडच्या निकालात पाचव्या सेमिस्टरची जागा रिकामी राहते. प्लेसमेंटसाठी येणाऱ्या कंपन्या ती रिकामी जागा बघून विद्यार्थी नापास आहे असं समजू शकतात. म्हणून ‘हा विद्यार्थी मान्यताप्राप्त देवाणघेवाणीवर होता, निकाल प्रतीक्षेत आहे’ असं प्राचार्यांच्या सहीचं पत्र जाण्यापूर्वीच तयार करून घ्या, एक प्रत प्लेसमेंट विभागात द्या, एक परीक्षा विभागात, आणि दोन्हीकडून पोच घ्या.